दगडावरून आलेला पाहुणा: समुद्रफूल, गाजर गवत आणि आपण

 आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी आली असेल. वाशिममध्ये बसून समुद्रातल्या प्राण्यावर व्याख्यान? समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. आपल्या शेजारी खारं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर, आणि तेही समुद्राचं नव्हे. तरीही हा विषय आपण मुद्दाम घेतला आहे. या एवढ्याशा प्राण्याच्या इतिहासात आपल्या शेताच्या धुऱ्याचा इतिहास दडलेला आहे. तो कसा, ते आज टप्प्याटप्प्याने बघू.

आधी प्रश्न काय आहे ते समजून घेऊ. खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय ठेवणं ही आता फक्त मुंबईकरांची हौस राहिलेली नाही. मिठाचं तयार मिश्रण पाकिटात मिळतं, कुरिअरने घरी येतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो मिश्रण लागतं. पाणी झालं, दिवा झाला, पंप झाला. मग टाकीत ठेवायला लागतो तो 'लाइव्ह रॉक', म्हणजे जिवंत खडक. आता खडक काही जिवंत नसतो. तो असतो मेलेल्या प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा. पण त्याच्या भोकाभोकांत जिवाणू, शेवाळ, किडे, शिंपले असा सगळा संसार वसलेला असतो. हे जिवाणू माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया पचवतात आणि पाणी राहण्याजोगं ठेवतात. म्हणून हा दगड हवा असतो.

पण दगडाबरोबर न बोलावलेलं कुणीतरी येतं. पंधरा-वीस दिवसांनी खडकाच्या सांदीत एक इवलंसं, पारदर्शक, तपकिरी झाक असलेलं फूल दिसायला लागतं. मालक खूश! फुकटात फूल मिळालं. महिनाभरात त्या एकाची दहा होतात आणि सहा महिन्यांत टाकीभर तीच ती. हे फूल म्हणजे ॲनिमोन, आपण त्याला समुद्रफूल म्हणू. त्यातल्या या उपद्रवी जातीला हौशी लोक 'ऐप्टेशिया' म्हणतात. फूल हे नुसतं नाव, बरं का. तो प्राणी आहे. त्याच्या पाकळ्या म्हणजे हात आहेत आणि त्या हातांत सूक्ष्म विषारी नांग्या आहेत. शेजारच्या प्रवाळाला तो डंख मारतो आणि जागा बळकावतो. अशा फुकट्या प्रवाशांना इंग्रजीत 'हिचहायकर' म्हणतात. आपण बिनतिकिटाचे पाहुणे म्हणू.

आता इतिहासाकडे वळू. समुद्राचा प्राणी घरात ठेवायची कल्पना आली कुठून?

१८४६ साली ॲना थिन नावाच्या एका बाईंनी इंग्लंडच्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पाणी खराब होऊ नये म्हणून त्यांची मोलकरीण रोज बराच वेळ उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. आपण चहा गार करताना ओततो ना, तसं. हवा मिसळावी म्हणून. म्हणजे जगातला पहिला एअर पंप विजेवर चालत नव्हता, एका मोलकरणीच्या हातांवर चालत होता. तिचं नाव मात्र इतिहासात आलं नाही. पुढच्याच वर्षी थिनबाईंनी त्या पाण्यात समुद्री वनस्पती ठेवायला सुरुवात केली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती आणि प्राणी यांचा तोल साधला तर पाणी वारंवार बदलावं लागत नाही, हे प्रयोगाने मांडलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडभर मत्स्यालयाचं वेडच पसरलं.

याच्यामागे एक कोरडं आर्थिक कारणही आहे. १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर रद्द झाला. काच स्वस्त झाली. इतिहासात असं नेहमी होतं. लोकांना एकाएकी निसर्गप्रेमाचा पुळका आला असं आपल्याला वाटतं, पण खाली बघावं तर एखादा कर उठलेला असतो.

याच गॉस यांनी समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्राच्या पाण्याची कृतीही छापली. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, असे चार क्षार. आज वाशिमला कुरिअरने जे पाकीट येतं, त्याचा खापरपणजोबा म्हणजे ही १८५४ ची कृती.

आणि त्या काळात लोकांच्या काचेच्या भांड्यांत मुख्य मानकरी कोण होतं? समुद्रफूल! गॉस यांनी १८५८ ते १८६० या काळात ब्रिटिश समुद्रफुलांवर अख्खा ग्रंथ लिहिला. एडिंबरोच्या सर जॉन डेलियल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणलं होतं. ते मालकापेक्षा जास्त जगलं. त्याला लोक 'ग्रॅनी' म्हणजे आजीबाई म्हणत. ही आजीबाई १८८७ मध्ये गेली. जवळपास साठ वर्षं एका काचेच्या बरणीत, आणि तेवढ्यात शेकडो पिल्लं दिली. हा आकडा लक्षात ठेवा. या प्राण्याला म्हातारपण फारसं ठाऊक नाही. 'काही दिवसांत आपोआप मरेल' असं म्हणून ज्यांनी वाट पाहिली, त्यांची गाठ कुणाशी होती ते यावरून कळतं.

या वेडाची किंमत कोणी दिली? किनाऱ्याने. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये लिहिलेल्या आठवणींत खंत व्यक्त केली आहे, की वडिलांच्या पुस्तकांमुळे हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर आल्या आणि खडकांमधली ती नैसर्गिक डबकी ओरबाडली गेली. पुस्तक प्रेमाने लिहिलेलं होतं. परिणाम उलटा झाला.

मग विसाव्या शतकात काय झालं? दीर्घकाळ खाऱ्या पाण्याची मत्स्यालयं म्हणजे काहीशी इस्पितळासारखी असत. प्रवाळाचे सांगाडे ब्लीचने धुवून पांढरेफटक करून ठेवायचे. मासे फिरताहेत, बाकी सगळं मेलेलं. अशा टाकीत बिनतिकिटाचा पाहुणा यायला वाव कमी, कारण काही जिवंत आतच येत नव्हतं. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. त्यांनी सांगितलं ते साधं होतं. समुद्रातून जिवंत खडक उचला, तसाच टाकीत ठेवा, हवेचे थोडे बुडबुडे सोडा, बाकी निसर्गावर सोपवा. त्यांच्या टाकीत प्रवाळ जगत होते. जाकार्ताला समुद्र दारात होता, त्यामुळे त्यांना ते सोपं गेलं. पण पुढच्या दोन-तीन दशकांत ही कल्पना युरोप-अमेरिकेत रुजली आणि जिवंत खडकाचा व्यापार सुरू झाला.

म्हणजे बघा, जिवंतपणा हवा म्हटलं की बिनतिकिटाचे पाहुणे येणारच. निर्जंतुक टाकीत ऐप्टेशिया नव्हता आणि प्रवाळही नव्हते. दार उघडलं की वारा येतो, तशी धूळही येते. दार बंद ठेवून जगता येत नाही. प्रश्न दारावर कोण उभं आहे, हा आहे.

आता मुंबईला येऊ. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन झालं. आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी समुद्रातला मासा पहिल्यांदा जिवंत पाहिला तो तिथेच. विदर्भातल्या शाळांच्या सहली मुंबईला गेल्या की राणीची बाग आणि तारापोरवाला ठरलेलं. पण ज्याला समुद्रफूल बघायचं, त्याला तिकिटाची गरज नव्हती. ओहोटीच्या वेळी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ती होतीच. १९६८ मध्ये परुळेकर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईच्या समुद्रफुलांवर शास्त्रीय लेख लिहिला. म्हणजे कोण घरचं, कोण बाहेरचं हे ठरवायला आधी घरच्यांची यादी लागते. ही यादी करण्याचं काम कंटाळवाणं असतं, टाळ्या मिळत नाहीत, पण त्याच्याशिवाय पुढचं काहीच सांगता येत नाही.

यादी नसली की काय होतं याची एक गंमत सांगतो. नारिंगी पट्ट्यांचं एक छोटं समुद्रफूल आहे, मूळचं पूर्व आशियातलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ते अमेरिकेच्या कनेक्टिकट किनाऱ्यावर दिसायला लागलं. ॲडिसन व्हेरिल या मोठ्या शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये त्याला नवी जात म्हणून नाव दिलं. जवळपास त्याच सुमारास ते इंग्लंडच्या प्लिमथलाही सापडलं. पुढे लक्षात आलं, की याच व्हेरिलसाहेबांनी सुमारे तीस वर्षांपूर्वी हाँगकाँगहून आलेल्या नमुन्यावरून याच प्राण्याला दुसरं नाव दिलेलं होतं! म्हणजे पाहुणा एकच, बारसं दोनदा, आणि आत्याबाईही तीच. जहाजांच्या तळाला चिकटून आणि कालवांच्या व्यापाराबरोबर तो प्राणी जगभर गेला. आपल्या भारतात असंच एक उदाहरण शिंपल्याचं आहे. मध्य अमेरिकेकडचा एक छोटा शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणम बंदरात दिसला, आणि पुढे मुंबईच्या गोदीतही. जहाजाच्या तळाला, खांबांना, पाण्याच्या नळांना त्याची पुटंच्या पुटं चढतात.

आता कुणी म्हणेल, हे सगळं बंदरांचं झालं. आमच्या वाशिमला ना बंदर, ना जहाज. पण मीठ तर इथेही येतच होतं ना? रेल्वे येण्याआधी वऱ्हाडात किनाऱ्यावरचं मीठ आणलं ते बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांनी. 'लमाण' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ याच्यापासून आला, असं अनेक अभ्यासक मानतात. ज्या समाजाने समुद्राचं मीठ पाठीवर लादून देशावर आणलं, त्या समाजाचं श्रद्धास्थान पोहरादेवी आपल्याच मानोरा तालुक्यात आहे. तेव्हा समुद्राशी आपला संबंध कुरिअरपासून सुरू होत नाही. आणि बैलाच्या अंगावर, गोणीच्या शिवणीत कुसळं आणि बिया किती आल्या असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवला? कारंजा-सोहळच्या माळरानावर पावसाळ्यानंतर एक चक्कर मारा. घरी येऊन पायजम्याची कुसळं काढत बसाल तेव्हा बिनतिकिटाचा प्रवास म्हणजे काय ते नीट कळेल.

आणि आता आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्यात यशस्वी बिनतिकिट्या पाहुण्याचं नाव घेऊ. गाजर गवत.

सोयाबीनच्या धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत, शाळेच्या मैदानात, ग्रामपंचायतीच्या मागे, कुठेही बघा. मूळ अमेरिका खंडातलं, मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशातलं हे झाड. एक झाड हजारो बिया टाकतं. अंगाला लागलं की कातडी खाजते, चट्टे उठतात, परागामुळे काहींना दमा होतो. निंदणाला जाणाऱ्या बायांच्या हातांना विचारा. समुद्रफूल त्रास देतं ते हौशी माणसाला. गाजर गवत त्रास देतं ते रोजंदारीवर निंदणाऱ्या बाईला, आणि तिच्याकडे हातमोजे नसतात.

हे आलं कसं? गावात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे. 'अमेरिकेच्या पीएल-४८० च्या लाल गव्हाबरोबर आलं.' 'काँग्रेस गवत' या नावाचेही दोन अर्थ सांगतात. कोणी म्हणतं, पांढरी फुलं टोपीसारखी दिसतात म्हणून. कोणी म्हणतं, त्या राजवटीत आलं म्हणून. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून तारखा जुळवून बघायच्या असतात. जुळवू.

अमेरिकेचा पीएल-४८० कायदा झाला जुलै १९५४ मध्ये. भारताचा त्याखालचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये. आणि हे गवत पुण्यात उकिरड्यावर दिसल्याची नोंद आहे १९५५ ची. आर. एस. राव यांनी ती १९५६ मध्ये प्रसिद्ध केली, पुन्हा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच नियतकालिकात. म्हणजे करार व्हायच्या आधीच झाड उगवलेलं होतं! मग गव्हाची गोष्ट खोटी? तसंही घाईने म्हणता येत नाही. १९५१ मध्येच अमेरिकेने भारताला धान्यासाठी मोठं कर्ज दिलं होतं आणि गहू येत होता. तो गहू पीएल-४८० चा नव्हता, एवढंच. शिवाय याच्याही मागे जाणाऱ्या नोंदी आहेत. देहरादूनच्या वनस्पतिसंग्रहात १८८० चा नमुना असल्याचं सांगतात, आणि रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या कलकत्त्याच्या यादीतही हे नाव सापडतं.

मग खरं काय? आमच्या मते तारखा एवढंच सांगतात. हे झाड भारतात एकापेक्षा जास्त वेळा आलं असावं. आधी आलेलं कुठल्यातरी बागेत किंवा कोपऱ्यात राहिलं. मोठा फैलाव झाला तो १९५० नंतर, जेव्हा धान्य, ट्रक, रस्ते, कालवे, बांधकामाची माती सगळंच मोठ्या प्रमाणात हलायला लागलं. पीएल-४८० हे नाव आपण त्या अख्ख्या काळाला दिलं. त्या लाल गव्हाची चव लोकांच्या जिभेवर होती, परावलंबनाची बोच मनात होती, आणि त्याच वेळी धुऱ्यावर परकं झाड दिसलं. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. लोकस्मृती तारखेत चुकते, पण दिशा बरोबर दाखवते. धान्याबरोबर तण येतं, हे तिला कळलं होतं.

इथे समुद्रफूल आणि गाजर गवत एकमेकांना भेटतात. दोघंही स्वतःहून चालत आले नाहीत. आपल्याला हव्या असलेल्या वस्तूला चिकटून आले. दोघांनाही मूळचे शत्रू मागे ठेवता आले. आणि दोघांशी लढताना माणसांनी अगदी सारखी पावलं टाकली. ती तीन पावलं आता बघू.

पहिलं पाऊल, उपटा आणि तोडा. माणसाची पहिली प्रतिक्रिया हीच. पण ऐप्टेशियाला चिमट्याने ओढायला गेलात, की तो सांदीत आत शिरतो आणि त्याच्या तळव्याचा बारीकसा तुकडा दगडावर राहतो. त्या तुकड्यातून नवं फूल उगवतं. चाकूने खरवडलंत तर एकाचे दहा होतात. आपल्याला रक्तबीजाची गोष्ट ठाऊक आहे, थेंब पडला की नवा राक्षस उभा. गाजर गवताचंही काहीसं तसंच. फुलावर येण्याआधी मुळासकट उपटलं तर उपयोग होतो. पण पांढरी फुलं दिसल्यावर मोहीम काढली, उपटून ढीग रस्त्याकडेला टाकला, की आपणच पेरणी केली असं समजा. वरून कापलं तर खालून पुन्हा फुटतं. म्हणजे श्रम महत्त्वाचे आहेतच, पण वेळ त्याहून महत्त्वाची.

दुसरं पाऊल, औषध. इथे एक गंमत आहे. ऐप्टेशियावर जगभरचे हौशी जो उपाय करतात तो आपल्या पानाच्या डब्यात आहे. चुना! विझवलेल्या चुन्याचं घट्ट पाणी सुईच्या पिचकारीने थेट फुलाच्या तोंडात सोडायचं. जर्मन मंडळी चुन्याच्या निवळीला 'काल्कवासर' म्हणतात आणि ती प्रवाळांना कॅल्शियम मिळावं म्हणून टाकीत थेंबाथेंबाने घालतात. तीच दाट करून दिली की समुद्रफूल भाजून निघतं. काहीजण लिंबाचा रस वापरतात, काही उकळतं पाणी. एकटंदुकटं फूल असेल आणि पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं, तर हा उपाय चालतो. मात्र एका दिवसात खूप चुना सोडला तर पाण्याचा सामू वर जातो आणि मासेच मरतात. पंप थोडा वेळ बंद ठेवायचा, एका वेळी दोन-चार फुलंच घ्यायची, वर साचलेला चुना नळीने ओढून घ्यायचा. शेतात तणनाशक मारणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मात्रा चुकली की तणाऐवजी पीक जळतं.

तिसरं पाऊल, शत्रूचा शत्रू. ऐप्टेशिया खाणारे प्राणी आहेत. पेपरमिंट कोळंबी खाते. बर्गिया नावाची एक छोटी बिनशिंपल्याची समुद्री गोगलगाय तर ऐप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही. पण अडचणी बघा. पेपरमिंटच्या नावाखाली दुकानात तिच्यासारखीच दिसणारी दुसरी कोळंबी मिळते, ती समुद्रफुलाकडे ढुंकूनही बघत नाही आणि प्रवाळालाच टोचते. बर्गिया काम चोख करते, पण फुलं संपली की उपाशी मरते. पुन्हा एखादं फूल उगवलं तर पुन्हा विकत आणा.

गाजर गवताच्या बाबतीत हेच नाट्य मोठ्या रंगमंचावर झालं. १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा भुंगा बंगळुरूला आणला गेला. चाचण्या झाल्या आणि १९८४ मध्ये तो सोडण्यात आला. पिवळसर पाठीवर तपकिरी नागमोडी पट्टे असलेला हा भुंगा पावसाळ्यात गवताची पानं फस्त करतो. १९९० च्या दशकात मात्र ओरड झाली, की भुंगा सूर्यफुलावर दिसतो! शेतकरी घाबरले, आणि ते साहजिक होतं. ज्याने एक परका प्राणी मारायला दुसरा परका प्राणी आणला, त्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. समिती बसली, अभ्यास झाला. गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडतात, त्या वासाने भुंगा ते पान कुरतडतो, पण सूर्यफुलावर त्याचा संसार चालत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे भुंगा पुन्हा सोडला जाऊ लागला. तो गवत संपवत नाही. हिवाळा आला की मातीत जाऊन झोपतो आणि गवत तेवढ्यात सावरतं. पण गवताचा जोर कमी करतो.

याला जोड म्हणून आपल्याकडचा एक उपाय सांगतात, तरोट्याचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण आवडीने खातो, तोच तरोटा. तो दाट आला तर गाजर गवताला जागा आणि ऊन मिळत नाही. रिकामी जागा हेच परक्याचं आमंत्रण असतं. मत्स्यालयातही तेच. माशांना जास्त खाणं घातलं, उष्टं साचलं, खडक मोकळा राहिला, तर ऐप्टेशियाला मेजवानी. खाणं मोजून घातलं तर त्याचा वाढीचा वेग आपोआप घटतो.

या तिन्ही पावलांचा इतिहास एकच सांगतो. पाहुणा आत आल्यावर त्याला संपूर्ण घालवणं जवळपास कुणालाच जमलेलं नाही. आटोक्यात ठेवता येतं. मग खरी लढाई दारावरच. परदेशी बियाणं आणि रोपं तपासून घ्यायचा कायदा आपल्याकडे १९१४ पासून आहे, २००३ मध्ये त्याचा नवा सविस्तर आदेश निघाला. जहाजांच्या पोटातल्या पाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला, आणि तो लागू व्हायला २०१७ उजाडलं. जग या बाबतीत फार सावकाश शहाणं होतं. पण एका घरातली टाकी एका दिवसात शहाणी होऊ शकते. नवा खडक थेट टाकीत न ठेवता वेगळ्या बादलीत, खाऱ्या पाण्यात, पंप लावून चार-सहा आठवडे ठेवायचा. रात्री टॉर्च घेऊन सांदी बघायच्या. यालाच क्वारंटाइन म्हणतात, आणि हा शब्द २०२० नंतर कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती कायद्याची आहे. आपल्या समुद्रातले प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. लक्षद्वीप असो, मन्नारचं आखात असो की आपलं मालवण, तिथून प्रवाळाचा जिवंत तुकडा तोडून आणणं हा गुन्हा आहे. तेव्हा 'लाइव्ह रॉक' विकत घेताना तो कुठून आला हे विचारणं ही चौकसपणाची हौस नव्हे, ते कर्तव्य आहे. सगळ्यात बरं म्हणजे कोरडा किंवा माणसाने बनवलेला खडक घ्यावा आणि त्यावर जिवाणू हळूहळू वसू द्यावेत. दोन-तीन महिने जास्त लागतात. पण समुद्र ओरबाडला जात नाही आणि पाहुणेही येत नाहीत. एडमंड गॉसची १९०७ ची खंत पुन्हा लिहायची वेळ आपल्यावर येऊ नये.

आणि शेवटचा मुद्दा, जो वाशिमसाठी सगळ्यात महत्त्वाचा. दार दोन्ही बाजूंनी उघडतं. टाकीत काय येतं हे आपण पाहिलं. टाकीतून काय बाहेर जातं? समुद्रफूल एकबुर्जीच्या तलावात टाकलं तर ते गोड्या पाण्यात मरेल, त्याची भीती नाही. पण खारं पाणी परसात ओतलं तर माती बिघडते. आणि गोड्या पाण्याच्या टाकीतले प्राणी मरत नाहीत, हा खरा धोका. काच चाटून साफ करतो म्हणून हौसेने आणलेला 'सकर' मासा मोठा झाला की लोक दयेपोटी नदीत सोडतात. आज तो उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, काट्यांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. जलपर्णी तर बंगालमध्ये तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली असं मानतात. १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध तिथे खास कायदा करावा लागला. फूल सुंदर होतं, यात वाद नाही.

आपल्याकडे पद्मतीर्थ आहे, देव तलाव आहे, कारंज्याचा ऋषी तलाव आहे. शतकानुशतकं माणसांनी राखलेलं हे पाणी. त्यात एखाद्या रविवारी कुणीतरी कंटाळून टाकीतला मासा किंवा वनस्पती सोडली, तर त्याची नोंद कुठल्याच कागदावर होणार नाही. पन्नास वर्षांनी लोक विचारतील, हे आलं कुठून? आणि कुणीतरी एखाद्या सरकारचं नाव घेईल.

म्हणून आज एवढंच मागणं आहे. घरी मत्स्यालय असेल तर नवा खडक, नवी वनस्पती, नवा मासा आधी वेगळ्या बादलीत ठेवा. नकोसं झालेलं पाण्यात सोडू नका. दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. आणि घरी मत्स्यालय नसेल तर आपल्या धुऱ्यावर जा. ऑगस्टमध्ये १६ ते २२ तारखेला देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो. पण तोवर थांबू नका, पहिल्या पावसानंतर रोप वितभर असताना, फूल यायच्या आधी, ओल्या मातीतून ते मुळासकट निघतं. हातात मोजे घाला, आणि ज्या बाईला रोजाने हे काम सांगाल तिलाही मोजे द्या. तेवढ्या मोज्यांचा खर्च कोणत्याही मोहिमेच्या बॅनरपेक्षा कमी आहे.

पुढच्या व्याख्यानात आपण वऱ्हाडातल्या तलावांचा इतिहास घेऊ, ते कोणी बांधले आणि त्यांचा गाळ कोण काढत असे. आज इथे थांबू.